कपड्यातली माया

मागच्या ईदनंतर तिसऱ्या दिवशी मुलीचा नवा ड्रेस पिशवीत घालून मी आमच्या टेलरकाकांकडे गेले. ड्रेस चाँदरातीला, गर्दीत, घाईत घेतलेला. दुकानातल्या दिव्यांखाली तो लखलखत होता. ईदच्या दुपारी, दोन घरचा शिरखुर्मा झाल्यावर, तो काखेत उसवला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, ड्रेस उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि तसाच माझ्या हातात परत दिला.

‘‘मॅडम, याच्यात मायाच नाही ना. सोडू कुठून?’’

ज्यांच्या घरात शिवणयंत्र आहे त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगते. शिवणीच्या आतल्या बाजूला शिंपी जे जादा कापड राखतो, त्याला माया म्हणतात. अंग भरले की शिवण उसवून माया सोडायची. उंची वाढली की खालची दुमड उलगडायची. जुने शिंपी न सांगता दोन बोटे माया ठेवत. तयार कपड्यांच्या कारखान्यात मात्र हजारो नगांमागे बोटभर कापड वाचले तरी मोठी बचत होते. म्हणून तिथली शिवण अगदी कडेला बसते. असा कपडा विकत घेतलेल्या दिवशी जेवढा असतो, तेवढाच शेवटपर्यंत राहतो. अंग बदलले की तो बाद.

ड्रेस घेऊन घरी आले आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. त्या पेटीची गोष्ट आज सांगायची आहे. रमजानचा दुसरा पंधरवडा सुरू झाला की भंडाऱ्यापासून नागपूरपर्यंत सगळ्या बाजारांत कपड्यांची गर्दी उसळते. त्या गर्दीत शिरण्याआधी एकदा घरातली पेटी उघडून पाहावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

टाळेबंदीतली ईद

ही पेटी अम्मीची. तिच्या हयातीत ती क्वचितच उघडत असे. 2020 ची ईद मे महिन्याच्या 25 तारखेला आली, तेव्हा टाळेबंदी होती. नमाज घरातच पढली. ईदची खरेदी करू नका, ते पैसे गरजूंना द्या, असे आवाहन उलेमांनी आणि अनेक संघटनांनी आधीच केले होते. त्या ईदला कुणाकडेच नवे कपडे नव्हते, त्यामुळे जुन्याची कुणाला लाजही नव्हती.

मुलगी तेव्हा शाळेत होती. तिने हट्ट धरला, ‘‘नानी, मला काहीतरी वेगळं घालायचं आहे.’’ अम्मीने पेटी उघडली. वरच्या मलमलीच्या आवरणाखाली तीन गोष्टी होत्या. तिच्या लग्नातला घरारा, अब्बांची हिमरूची शेरवानी आणि मोहाडीहून घेतलेली करवती साडी.

मुलगी म्हणाली, ‘‘नानी, हे तर व्हिंटेज आहे!’’

अम्मीने विचारले, ‘‘म्हणजे काय?’’

‘‘म्हणजे जुनं, पण भारी.’’

अम्मी हसली. मग संध्याकाळपर्यंत ती एकेका कपड्याची हकिकत सांगत बसली. कापड कुठले, कुणी शिवले, गोटा कुठून आणला, कोणत्या ईदला कोणता डाग पडला. मी सहज म्हणून एका वहीत ते उतरवून घेतले. पुढच्या रमजानमध्ये, 2021 च्या दुसऱ्या लाटेत, अम्मी गेली. वहीतली ती चार पाने लिहिली नसती तर आज माझ्या हातात तीन जुने कपडे असते आणि त्यांच्याबद्दल सांगणारे कुणी नसते. आता प्रत्येक कपड्याच्या घडीत एक चिठ्ठी आहे. एका बाजूला उर्दूत, दुसऱ्या बाजूला मराठीत. मुलगी मराठी माध्यमात शिकली. उर्दू ती वाचते, पण अडखळत. पेटी पुढे तिच्याकडे जायची आहे, तेव्हा चिठ्ठी तिला सहज वाचता यायला हवी.

तेहतीस वर्षांचा फेरा

करवती साडीच्या चिठ्ठीवर लिहिले आहे: ‘ईद, मार्च 1993. पगाराच्या थकबाकीतून.’ अम्मी उर्दू प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. स्वतःसाठी, स्वतःच्या पैशातून घेतलेली तिची ही पहिली भारी साडी.

हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते साधारण 354 दिवसांचे असते. म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि जवळपास 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून मूळ जागी येते. आमच्या पिढीने हा पूर्ण फेरा पाहिला आहे. लहानपणी, 1988-89 च्या सुमारास, ईद मे महिन्यात येई. अंगावर पातळ मलमलीचा कुर्ता असे आणि ईदगाहच्या वाटेवर पाय पोळत. कॉलेजात होते तेव्हा, 1998 ते 2000 दरम्यान, ईद जानेवारीच्या थंडीत आली. मखमलीचे कुर्ते आणि शाली बाहेर पडल्या. 2013 ची ईद ऑगस्टमध्ये आणि 2016 ची जुलैमध्ये, म्हणजे ऐन पावसात होती. तेव्हा रेशीम पेटीतच राहिले आणि गुडघ्यापर्यंत चिखल उडालेले सलवार आम्ही संध्याकाळी धूत बसलो.

यंदा ईद पुन्हा मार्चमध्ये येते आहे, चाँद दिसेल त्याप्रमाणे 20-21 तारखेच्या आसपास. 1993 ते 2026. अम्मीची साडी आपला फेरा पूर्ण करून त्याच महिन्यात परत आली आहे. यंदा ती माझी मुलगी नेसणार आहे.

कपडे जमवणाऱ्याने या फेऱ्यातून एक गोष्ट शिकावी. दरवर्षी त्या वर्षाच्या फॅशनचा एक कपडा घेतला तर पाच-सात वर्षांत तो ऋतूलाही जुळत नाही आणि अंगालाही नाही. त्याऐवजी उन्हाळ्याचा एक, पावसाळ्याचा एक आणि थंडीचा एक, असे तीन चांगले जोड सावकाश जमवले, त्यात माया ठेवली, तर ईद कोणत्याही महिन्यात आली तरी पेटीत तिच्याजोगे काहीतरी असते.

आपल्याच जिल्ह्यातले रेशीम

भंडाऱ्यातून तुमसरच्या रस्त्याला लागले की मोहाडी लागते. मोहाडी, जवळचे आंधळगाव आणि दुसऱ्या टोकाला पवनी ही कोसा विणणाऱ्या कोष्टी समाजाची जुनी गावे. भंडारा म्हटले की लोकांना पितळेची भांडी आणि तांदूळ आठवतो. कोसा बऱ्याचदा आपल्याच जिल्ह्याच्या लोकांना आठवत नाही.

कोसा म्हणजे टसर रेशीम. त्याची अळी तुतीवर वाढत नाही, जंगलातल्या ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात हे काम चालते आणि ढिवर समाजातली अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ते करत आली आहेत. अळीला पाखरांपासून राखायला माणूस दिवसभर झाडाखाली उभा राहतो. कोष कठीण असतो. तो उकळून मऊ केला की धागा निघतो. परवापरवापर्यंत बाया हा धागा मांडीवर वळून काढत. त्या कामाने मांडीची कातडी सोलवटून निघे. आता बऱ्याच ठिकाणी त्यासाठी यंत्रे आली आहेत. न रंगवलेल्या कोशाचा रंग मधासारखा असतो. दोन साड्यांचा रंग कधीही हुबेहूब एक नसतो.

करवती साडीचे अंग या कोशाचे आणि काठ रंगीत सुताचा. जिथे काठ अंगाला भेटतो तिथे करवतीच्या दातांसारखी रांग असते. तिचे नाते रामटेकच्या मंदिराच्या शिखरांशी सांगतात. हे दात छापलेले नसतात. मागावर तीन धोटे चालतात. मधला धोटा अंगाचा बाणा घेऊन जातो, दोन बाजूंचे दोन काठांचे. प्रत्येक फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवायचा. किती धागे आत घ्यायचे आणि किती मागे सोडायचे, हे मोजून दात पुढे-मागे होतात. हाताची मोजणी चुकली की दात मोडतो. या करवत काठाच्या साड्यांना आणि कापडाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

गेल्या महिन्यात मुलीला घेऊन मी मोहाडीला गेले. एका विणकराच्या घरी साडी दाखवली. त्यांनी ती आधी उलटी केली.

‘‘ताई, खरी करवती मागून बघावं,’’ ते म्हणाले. ‘‘दात समोर आहेत तसेच मागं दिसले पाहिजे. छापील असंल तर मागं फिक्कं पडते.’’

मग त्यांनी काठ बोटांत धरला आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. त्यांच्या घरात दोन माग होते. चालू एकच होता. मुलगा नागपूरला कंपनीत जातो. हा काठ उचलायला शेजारी दुसरा हात लागतो आणि तो हात आता मिळत नाही, असे ते म्हणाले. अस्सल करवती काही हजारांच्या खाली पडत नाही. बाजारात तेच दात पॉलिस्टरवर छापून कितीतरी स्वस्तात मिळतात. गिऱ्हाईक दुरून पाहते, त्याला दोन्ही सारखेच दिसते. चाँदरातीला लखलखता ड्रेस घेताना मीही दुरूनच पाहिले होते. मोहाडी आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. तिथे एक माग बंद पडत असताना मी मात्र कुठल्या कारखान्यातून आला तेही ठाऊक नसलेला कपडा घेऊन घरी आले होते.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मुलीला सांगितली. माझे नाना कामठीचे मोमीन. 1857 नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून अनेक मोमीन विणकर कुटुंबे दक्षिणेकडे आली आणि मालेगाव, भिवंडी, कामठी, नागपूरचा मोमीनपुरा इथे त्यांनी माग घातले. नाना सुती लुगडी विणत. ती त्यांच्या स्वतःच्या घरातल्या बायका नेसत नसत. आसपासच्या खेड्यांतल्या मराठी बायका नेसत. आणि माझ्या अम्मीने ईदला नेसलेली साडी कोष्ट्याच्या मागावरची होती. कुणी कुणासाठी विणले, याचा हिशेब त्या काळी कुणी ठेवला नव्हता.

संग्रह कसा जमवावा

आजकाल व्हिंटेज म्हणून जुन्या धाटणीचे कपडे महागड्या दुकानांत विकले जातात. त्यात वाईट काही नाही. पण आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरांत हे काम कमी पैशांत होते. माझ्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, पेटी उघडून कपड्यांचे तीन ढीग करा. जसेच्या तसे वापरता येतील ते एकीकडे. दुरुस्तीने वाचतील ते दुसरीकडे. ज्यांचे फक्त कापड, गोटा किंवा काठच उरला आहे ते तिसरीकडे. तिसरा ढीग सर्वांत उपयोगी पडतो. अम्मीचा घरारा गुडघ्याच्या जोडाशी विरला होता. घराऱ्यात गुडघ्याशी जोड असतो, त्यावर गोटा लावतात आणि तिथून खाली दाट चुण्यांचा घेर सुटतो. शरारा असा जोडाचा नसतो, दुकानात मात्र दोन्ही नावे सर्रास एकमेकांना चिकटवतात. जोड गेला, पण चुण्यांमध्ये मीटरच्या मीटर कापड शाबूत होते. त्यातून मुलीची कुर्ती निघाली. गोटा नव्या दुपट्ट्याला लागला.

दुसरी, जुना चांगला कपडा मापासाठी शिंप्याकडे न्या. मोबाइलवरच्या फोटोवरून गळा कळतो, पण खांदा कसा बसतो ते कळत नाही. अंगाला नीट बसणारा एक जुना कुर्ता समोर ठेवला की शिंपी त्यावरून दहा नवे बरोबर शिवतो. आणि शिवायला टाकताना ‘माया ठेवा’ हे दोन शब्द आठवणीने सांगा.

तिसरी, पुरुषांच्या कपड्यांचा विचार वेगळा करा. इस्लाममध्ये पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य आहे, म्हणून अब्बांनी कधी कोशाचा शर्ट घातला नाही. यातूनच मशरूसारखी कापडे रुळली. मशरूत रेशीम वरच्या बाजूला आणि अंगाला लागणारे सूत आतल्या बाजूला असते. शरीयतला मंजूर, असाच या नावाचा अर्थ. औरंगाबादच्या हिमरूतही सूत आणि रेशीम जोडीने येते. अब्बांच्या हिमरूच्या शेरवानीच्या बाह्या विरल्या होत्या. टेलरकाकांनी बाह्या काढून तिची सदरी केली. ती आता मुलगा पांढऱ्या सुती कुर्त्यावर घालतो.

चौथी, वर्षाला एकच कपडा घ्या, पण पाहून घ्या. रेशीम घेताना सिल्क मार्कचे लेबल आणि हातमागाचे कापड घेताना हँडलूम मार्क विचारा. शंका असेल तर पदराच्या टोकाचा एक धागा काढून जाळून पाहा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

पेटीची राखण

जुने रेशीम नेसण्यापेक्षा चुकीच्या ठेवणीने जास्त मरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून कपडा मलमलीत किंवा धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळा. एकाच घडीवर वर्षानुवर्षे ठेवलेली साडी त्या घडीवरच चिरते. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नवी घाला. रमजानआधी, शाबानमध्ये, एकदा सावलीत वारा द्या. कडक ऊन नको. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा लवंगांची पुरचुंडी पुरते.

आणि इत्तर. ईदला इत्तर लावल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. अम्मीच्या साडीच्या पदरावर एक तपकिरी डाग आहे, तो 1993 च्या ईदच्या इत्तराचाच. इत्तर मनगटाला लावा, फाया कानात ठेवा, पण रेशमावर आणि जरीवर थेट लावू नका. त्या डागाचीही चिठ्ठीवर नोंद आहे. तो घालवायचा प्रयत्न मी केलेला नाही.

ईदला नवेच हवे का?

ही गोष्ट लिहिताना मला माझी एक चूक कबूल करायची आहे. ईदनंतर कॉलेज उघडले की मी वर्गातल्या मुलींना हौसेने विचारत असे, ‘‘काय गं, ईदला काय घेतलं?’’ वर्षानुवर्षे विचारले. एके वर्षी एक मुलगी आमच्या ईद मिलनाला आलीच नाही. चार दिवसांनी कारण विचारले तर खाली मान घालून म्हणाली, ‘‘मॅडम, तुम्ही विचाराल म्हणून.’’ त्या वर्षी त्यांच्या घरी नवे कपडे झाले नव्हते. वडिलांचे काम सुटले होते. माझ्या आपुलकीच्या प्रश्नाने तिला सणातून बाहेर काढले होते. त्यानंतर तो प्रश्न मी कुणालाच विचारला नाही.

ईदला आंघोळ करावी, खुशबू लावावी, आपल्याजवळचे उत्तम कपडे घालावेत, ही रीत आहे. उत्तम म्हणजे कोरेच, अशी अट त्यात नाही. कुरआनात सूरह आराफच्या एकाच आयतीत (7:31) इबादतीच्या वेळी नीटनेटका साज करण्याची आज्ञाही आहे आणि उधळपट्टीची मनाईही आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) आपले कपडे स्वतः सांधत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये येते. तरीही अनेक घरांत ईदच्या कपड्यांसाठी उधारी होते, आणि ती उधारी फेडता फेडता बकरी ईद येते. फित्रा मात्र नमाजआधी द्यायचा असतो, त्याला उधारी चालत नाही.

यंदा आमच्या घरात ठरले आहे. साडी अम्मीची, दुपट्टा घराऱ्याच्या गोट्याचा, सदरी अब्बांच्या शेरवानीची. नवे एकच शिवायचे होते, साडीवरचे ब्लाउज. त्यासाठी मोहाडीच्या त्या विणकरांकडून कोशाचा एक तुकडा आणला आणि मुलीला घेऊन टेलरकाकांकडे गेले. त्यांनी माप घेतले, खडूने खुणा केल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

‘‘मॅडम, माया किती ठेवू?’’

मी काही बोलायच्या आधी मुलगीच म्हणाली, ‘‘काका, कापडात बसेल तेवढी ठेवा.’’